एकेरी तिकिटाची गाडी

विश्रांतवाडीतून आम्ही बोलतोय. आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, अहो, सकाळच्या पारी हे काय काढलंत? पण हा विषय आम्ही उगाच उकरून काढलेला नाही. आपल्या भागात राहणारी निम्मी घरं कुठून कुठून आलेली आहेत. कुणी लातूर-धाराशिवकडून, कुणी विदर्भातून, कुणी बिहारमधून, कुणी केरळातून. इथे कुणाच्या घरात माणूस गेलं की रडण्याच्या आधी एक प्रश्न उभा राहतो. इथेच करायचं की गावी न्यायचं? आणि न्यायचं तर कशानं? हा प्रश्न आपल्याला नवा वाटतो, पण तो पावणेदोनशे वर्षांचा आहे. जगात असा एक काळ होता की मेलेल्या माणसांसाठी वेगळी आगगाडी सुटायची. वेगळं स्टेशन, वेगळे डबे आणि वेगळं तिकीटसुद्धा. सोबतच्यांना जायचं-यायचं तिकीट, आणि जो गेला त्याला फक्त जायचं.

ही गाडी सुरू झाली लंडनमध्ये, १८५४ साली. त्या वेळचं लंडन डोळ्यांपुढे आणा. कारखान्यांसाठी खेड्यापाड्यांतून माणसांचे लोंढे आलेले, वीस लाखांच्या वर वस्ती, आणि पुरायला जागा तीच, चर्चच्या आवारातली, शेदोनशे वर्षांपूर्वीची. एकाच खड्ड्यात एकावर एक पेट्या. नव्याला जागा करायची म्हणून जुन्याची हाडं उपसायची. त्यात १८४८-४९ साली कॉलऱ्याची साथ आली आणि एकट्या लंडनमध्ये चौदा हजारांवर माणसं गेली. मग सरकारनं कायदे करून शहरातली दफनं बंद करायला सुरुवात केली. पण बंद करून माणसं मरायची थांबतात का?

तेव्हा एक कंपनी पुढे आली. तिनं लंडनपासून सुमारे तेवीस मैलांवर, ब्रुकवुड नावाच्या ओसाड माळावर दोन हजार एकर जमीन घेतली. तेवीस मैल म्हणजे सदतीस किलोमीटर. आपल्या विश्रांतवाडीपासून तळेगाव धरा साधारण. एवढ्या लांब घोडागाडीनं मयत न्यायची तर अख्खा दिवस जाणार आणि गरिबाला ते परवडणार नाही. रेल्वे मात्र तेवढं अंतर तासाभरात कापत होती. कंपनीनं वॉटर्लू स्टेशनजवळ स्वतःचं छोटं स्टेशन बांधलं. पेट्या फलाटाच्या उंचीवर चढवायला वाफेवर चालणारा पाळणा बसवला. थेट दफनभूमीच्या आत रूळ नेले आणि तिथे दोन थांबे केले, एक इंग्लंडच्या सरकारी चर्चच्या लोकांसाठी आणि दुसरा बाकीच्या सगळ्यांसाठी.

याला विरोध झाला नाही असं नाही. लंडनच्या बिशपांनी तर अशी कल्पना निघाली तेव्हाच, १८४२ साली, नाक मुरडलं होतं. त्यांचं म्हणणं, आगगाडीची धावपळ, तो गोंगाट, तो धूर, हे काय अंत्यसंस्काराचं वातावरण आहे? इथपर्यंत कुणालाही पटेल. पण त्यांची दुसरी हरकत ऐका. एखाद्या उनाड, उधळ्या माणसाचा देह आणि एखाद्या सभ्य, धार्मिक कुटुंबातल्या माणसाचा देह एकाच गाडीत गेला तर त्या कुटुंबाला काय वाटेल? म्हणजे मेल्यावरही शेजार पाहायचा. आपल्याला हसू येईल, पण जरा थांबा. आपल्या कितीतरी गावांत आजही स्मशानं वेगवेगळी आहेत, आणि एका वस्तीच्या स्मशानाकडे जायचा रस्ता दुसऱ्याच्या शेतातून जातो म्हणून मयत अडवली जाते. बिशपांना हसायचा अधिकार आपल्याला सहजासहजी मिळत नाही.

तर कंपनीनं त्यावर तोडगा काढला. डब्यांत पहिला, दुसरा, तिसरा असे वर्ग, जिवंतांसाठी आणि मृतांसाठीसुद्धा. शिवाय धर्मपंथांप्रमाणे वेगळी बाजू. पहिल्या वर्गाच्या पेटीचं भाडं एक पौंड आणि तिसऱ्या वर्गाच्या पेटीचं अडीच शिलिंग, म्हणजे आठपट फरक. आता मेलेल्या माणसाला पहिला वर्ग काय आणि तिसरा काय, हलके गचके बसतात की जोराचे, त्याला काय कळणार! पण पैसेवाल्यांना प्रतीक्षेची खोली स्वतंत्र, पेटी गाडीत चढवताना जवळ उभं राहायची सोय, कबरीची जागा निवडायची मुभा. गरिबांना यातलं काही नाही.

एक गोष्ट मात्र त्या कंपनीनं चांगली केली, आणि ती आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. त्या काळी लंडनमध्ये गरिबाला, म्हणजे ज्याच्या मातीचा खर्च धर्मादाय खात्यातून व्हायचा त्याला, सामाईक खड्डा मिळायचा. दहा-वीस पेट्या एकात. ब्रुकवुडला ती पद्धत नव्हती. धर्मादायातून आलेल्यालासुद्धा तिथे स्वतःची, एकट्याची जागा मिळे. वर दगड उभारायचा हक्क नसेल, नाव कोरलेलं नसेल, पण जागा त्याची. १३ नोव्हेंबर १८५४ ला पहिली गाडी सुटली, त्या दिवशी पहिली माती झाली ती कुणा लॉर्डाची नाही. लंडनच्या बरो नावाच्या गरीब वस्तीतल्या एका जोडप्याची जुळी बाळं होती. मेलेलीच जन्मलेली. धर्मादाय खर्चानं. ज्या आईनं नऊ महिने त्यांना वागवलं तिच्याबद्दल नोंदीत काही नाही. ती बाळंतीण बाई त्या गाडीत बसून गेली की घरीच पडून राहिली, हे विचारायचं कुणाला सुचलंच नसेल.

बायकांचं म्हणाल तर त्या काळच्या इंग्लंडमध्येही वरच्या आणि मधल्या वर्गातल्या बाईनं दफनाला जाऊ नये असाच संकेत होता. तिला भावना आवरणार नाहीत, ती तिथे कोसळेल, म्हणून घरी पडदे ओढून बसायचं. गरीब बायका मात्र जायच्या. त्यांना कोण अडवणार? आपल्याकडेही 'बाईमाणसानं स्मशानात येऊ नये' हे म्हणणारे आणि ते मोडणाऱ्या दोन्ही आहेत. मोडणाऱ्यांत पहिलं नाव आपल्या पुण्याचंच निघतं. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतिराव फुले गेले, तेव्हा दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात धरून अंत्ययात्रेच्या पुढे चालायला सुरुवात केली. ब्रुकवुडची गाडी त्या वेळी जोरात चालू होती. पण हे धैर्य त्या गाडीच्या पहिल्या वर्गात बसलेलं नव्हतं, ते इथल्या पेठेत पायी चाललं होतं.

गाडीच्या गमतीही आहेत बरं का. जिवंतांचं भाडं कायद्यानंच ठरवून दिलेलं, त्यामुळे ते वर्षानुवर्षं स्वस्त राहिलं. पुढे ब्रुकवुडजवळ गोल्फचं मैदान झालं, तेव्हा काही गोल्फवाले काळे कपडे घालून, तोंड पाडून, शोकाकुल नातेवाईक म्हणून स्वस्त तिकिटावर जात असं सांगतात. आणि १८६७ च्या जानेवारीत एकदा गाडीचा ड्रायव्हर जेवायच्या सुट्टीत शेजारच्या गुत्त्यात गेला आणि इतकी चढवून आला की परतीची गाडी कोळसा टाकणाऱ्या माणसाला हाकावी लागली. त्यानंतर कंपनीनं काय केलं असेल? कर्मचाऱ्यांना तिथेच फुकट जेवण आणि सोबत एक ग्लास बिअर सुरू केली. मोजून एक, म्हणजे बाहेर जायला नको!

आता तुम्ही म्हणाल, लंडनच्या या कथेशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि चांगला घरचा आहे.

आपल्या भागातल्या किती मुली वाडिया कॉलेजात शिकतात. आणि आमच्या आधीच्या पिढीतल्या परळ-लालबागला राहिलेल्या बायकांना विचारा, बाळंतपण कुठे झालं? वाडियात. ते नौरोसजी वाडिया प्रसूती रुग्णालय १९२६ साली निघालं, मुलांनी वडिलांच्या नावानं काढलं, गिरणीतल्या कामगार बायकांची सोय व्हावी म्हणून. त्यांच्या आईच्या नावानं, जेरबाईंच्या नावानं, लहान मुलांचं रुग्णालय १९२९ ला निघालं. पुण्याच्या कॉलेजलाही १९३२ साली तेच नौरोसजींचं नाव मिळालं. गिरणीमालक नौरोसजी वाडिया १८९९ साली वारले आणि त्यांची दगडी समाधी आहे ब्रुकवुडला.

पारशी माणूस इंग्लंडात गेला तर काय करायचं हा मोठाच पेच होता. तिथे दखमा नाही, म्हणजे आपण ज्याला शांततेचा मनोरा म्हणतो तो नाही. तेव्हा दादाभाई नौरोजी आणि त्यांच्या बरोबरच्या लोकांनी १८६१ मध्ये युरोपातल्या पारशांसाठी एक निधी उभारला आणि लगेच पुढच्या वर्षी ब्रुकवुडला जमिनीचा तुकडा घेतला. घरापासून हजारो मैलांवर, परक्या मातीत, पण आपल्या माणसांच्या शेजारी. आपल्या वस्तीतले लोक गावाकडच्या लोकांची मंडळं काढतात, महिन्याला वर्गणी गोळा करतात, त्यातला एक भाग कायम अशा वेळेसाठी बाजूला असतो. दादाभाईंनी केलं ते याहून वेगळं नव्हतं.

त्याच पारशी जागेत जमशेटजी टाटा आहेत. १९ मे १९०४ ला जर्मनीत बाड नॉहाइमला ते वारले आणि त्यांना इंग्लंडात आणून ब्रुकवुडला ठेवलं. आणि त्यांची सून मेहेरबाईसुद्धा तिथेच आहे. हिच्याबद्दल थोडं जास्त सांगू द्या, कारण टाटांचं नाव घेतलं की सगळे पुरुषांचीच नावं घेतात. मेहेरबाई म्हणजे शास्त्रज्ञ होमी भाभांची आत्या. साडी नेसून टेनिस खेळायची. मुलींच्या लग्नाचं वय वाढवणारा शारदा कायदा १९२९ साली झाला, त्यासाठी जी माणसं बोलली, फिरली, त्यांत ही होती. तिच्याकडे कोहिनूरपेक्षाही मोठा हिरा होता, दोनशे पंचेचाळीस कॅरटचा. १९२४ साली पोलाद कारखान्यात पगार द्यायला पैसे उरले नाहीत तेव्हा नवराबायकोनं आपले दागिने गहाण टाकले, त्यात तो हिराही गेला. कारखाना तरला. पुढे १९३१ च्या जूनमध्ये वेल्समध्ये तिचा रक्ताच्या कॅन्सरनं मृत्यू झाला. वय बावन्नच्या आत. पुढच्याच वर्षी दोराबजी तिच्या कबरीचं दर्शन घ्यायला म्हणून निघाले आणि वाटेतच जर्मनीत त्यांचा अंत झाला. त्यांनाही नेलं ते ब्रुकवुडला, तिच्या शेजारी. हेच दोराबजी, ज्यांनी डेक्कन जिमखान्यावरच्या शर्यती पाहून आपली मुलं ऑलिम्पिकला पाठवायचं मनावर घेतलं होतं.

तो हिरा मग विकला गेला आणि पैसा टाटांच्या विश्वस्त निधीत आला. त्याच निधीतून परळला टाटा हॉस्पिटल उभं राहिलं, १९४१ ला. आज आपल्याकडून कितीजणी पहाटेची गाडी पकडून, हातात रिपोर्टांची पिशवी घेऊन दादरला उतरतात आणि 'टाटाला' जातात! कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेच्या तिकिटात सवलत असते, हे त्यांतल्या काहींना अजून माहीत नसतं म्हणून इथेच सांगून टाकतो. डॉक्टरांकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यायचा आणि आरक्षणाच्या खिडकीवर दाखवायचा.

तर त्याच १९४१ सालात ब्रुकवुडची गाडी संपली. १६ एप्रिलच्या रात्री जर्मन विमानांनी लंडनवर बॉम्ब टाकले, त्यात मृतांचं ते स्टेशन आणि तिथे उभे असलेले डबे जळाले. युद्ध संपल्यावर पुन्हा बांधायचं कुणी मनावर घेतलं नाही, कारण तोवर मोटारी आल्या होत्या. सत्त्याऐंशी वर्षांत दोन लाखांहून जास्त माणसं ब्रुकवुडला पोचली होती. कंपनीनं मात्र दरवर्षी दहा हजारांच्या वर येतील असा हिशेब मांडला होता. मरणाचाही धंदा अंदाजाप्रमाणे चालत नाही.

१६ एप्रिल ही तारीख ऐकून शाळेत पाठ केलेलं काही आठवलं का? १६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून ठाण्याला आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी सुटली तो दिवस. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे. ती गाडी आणण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते आपले मुरबाडचे जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे नाना. रेल्वे कंपनीच्या संचालक मंडळावर असलेले मोजके हिंदी लोक, त्यांतले हे एक. आणि आमच्या विषयात नानांची अशी एक गोष्ट आहे की ती रेल्वेच्या गोष्टीपेक्षा आम्हाला मोठी वाटते.

मुंबईत गिरगावच्या बाजूला, समुद्राकाठी, सोनापूर. हिंदूंचं स्मशान, मुसलमानांचं कबरस्तान, ख्रिस्त्यांची दफनभूमी, सगळं एकमेकांना लागून. मुंबईच्या जुन्या बोलण्यात सोनापूर म्हणजे स्मशानच. शहर वाढलं, आजूबाजूला बंगले आले, आणि सरकारला वाटायला लागलं की हे इथून हलवावं. आरोग्याला घातक. शिवडीला न्या. म्हणजे लंडनचाच विचार, फक्त गाडीशिवाय. नानांनी त्याला विरोध केला आणि सोनापूर जागेवर राहिलं. ख्रिस्ती दफनभूमी पुढे शिवडीला गेली, १८६५ च्या सुमारास, ती आजही तिथे आहे. हिंदूंचं दहन मात्र तिथेच राहिलं, चंदनवाडीला.

ज्या माणसानं रेल्वे आणली त्यानंच मृतांचा प्रवास लांबू दिला नाही! आम्ही यावर बराच वेळ बोलत बसलो होतो. आमच्यातली एक म्हणाली, यात विरोध कसला? मयत खांद्यावरून जाते. खांदेकरी बदलत बदलत किती लांब जाणार? मध्ये एकदा तिरडी खाली टेकवायची, तो विसावा. एक विसावा होऊ शकतो, पाच नाही होऊ शकत. शिवाय लाकडं न्यायची, आणि तिसऱ्या दिवशी राख सावडायला पुन्हा जायचं. ज्याच्याकडे घोडागाडी आहे त्याला शिवडी काय आणि सोनापूर काय. ज्याच्याकडे चार खांदेच आहेत त्याचं काय? आम्हाला वाटतं नानांना हे दिसलं असणार. विसावा हा शब्द आपल्याला पालखीमुळे माहीत. आळंदीहून माउली निघाल्या की आपल्याच रस्त्यानं पुण्यात जातात, आपलं गावच विश्रांतीच्या नावाचं. पण तिरडीच्या विसाव्यालाही तोच शब्द आहे, हे सहसा मोठ्यानं कुणी बोलत नाही.

म्हणून आपल्याकडे मृतांच्या खास गाड्यांची गरज फारशी पडली नाही. आपण देह लांब नेत नव्हतो, अस्थी नेत होतो. रेल्वे आल्यावर नाशिक रोडला उतरून रामकुंडावर अस्थी विसर्जन करणं गरिबालाही जमायला लागलं. पूर्वी ज्यासाठी बैलगाडीचे चार-सहा दिवस लागत ते एका रात्रीत होऊ लागलं. गाडीत समोरच्या बाकावर मांडीवर लाल कापडात बांधलेलं गाडगं घेऊन बसलेला माणूस दिसला की आपण न विचारता सरकून जागा करून देतो. त्या गाडग्याचं कुणी तिकीट काढत नाही, कुणी मागतही नाही.

लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत सरदारगृहात गेले, तेव्हा देह पुण्याला न्यावा अशी पुणेकरांची इच्छा होती. ती पुरी झाली नाही, चौपाटीवर दहन झालं. पुण्याला आल्या त्या अस्थी, आगगाडीनं, आणि शहर लोटलं. गांधीजींच्या अस्थी ११ फेब्रुवारी १९४८ ला दिल्लीहून खास गाडीनं निघाल्या आणि दुसऱ्या दिवशी प्रयागला पोचल्या. त्या गाडीचे सगळे डबे तिसऱ्या वर्गाचे होते, कारण ते तसाच प्रवास करत. ब्रुकवुडच्या पहिल्या वर्गाच्या पेट्या आठवा आणि हे आठवा.

अस्थींचा सगळ्यांत लांबचा प्रवास आपल्या एका पुण्याच्या मुलीचा झाला. आनंदीबाई जोशी. डॉक्टर होऊन आली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली, पुरती बावीसचीही नव्हती. इथे दहन झालं, पण अस्थी गोपाळरावांनी अमेरिकेत मिसेस कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या. या बाईनं आनंदीबाईंना मुलीसारखं सांभाळलं होतं. तिनं त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या, वर दगड बसवला. जात-धर्म-समुद्र सगळं ओलांडून एका परक्या कुटुंबात मुलगी म्हणून जागा मिळाली.

बाकी जगात अशा गाड्या बऱ्याच झाल्या, सगळ्या सांगत नाही. सिडनीत १८६९ ला मृतांसाठी अगदी चर्चसारखं नक्षीदार स्टेशन बांधलं, ते अजून उभं आहे. मध्यंतरी तिथे रेल्वेच्या डब्यांत पॅनकेकचं हॉटेल चालायचं! दफनभूमीतलं त्याच गाडीचं दुसरं स्टेशन दगड दगड सुटा करून कॅनबेराला नेलं आणि त्याचं खरंच चर्च केलं. अर्जेंटिनात ब्वेनोस आयरेसला १८७१ साली पीतज्वराची साथ आली, काही महिन्यांत चौदा हजारांच्या आसपास माणसं गेली. वाहून न्यायला माणसं आणि गाड्या पुरेनात, तेव्हा घाईघाईनं नव्या दफनभूमीपर्यंत रूळ टाकले आणि देशातलं पहिलं इंजिन, जे लोकांनी कौतुकानं पाहिलं होतं, ते या कामाला जुंपलं. आपण २०२१ चा एप्रिल पाहिलाय. रुग्णवाहिकांची रांग पाहिलीय. शेवटचं तोंडही न बघता परत आलेल्या बायका आपल्या गल्लीत आहेत. त्यामुळे ब्वेनोस आयरेसचं जास्त समजावून सांगायला नको.

पण रेल्वे आणि मरण म्हटल्यावर आपल्या दाराशी असलेली एक गोष्ट राहून चालणार नाही. पुणे-मुंबई गाडी घाटात शिरली की आपण डबा उघडतो, कर्जतला वडापाव घेतो. हा भोर घाट १८५६ ते १८६३ मध्ये खोदला. पंचवीस बोगदे, सगळे हातानं आणि सुरुंगानं. एका वेळी चाळीस हजारांच्या वर माणसं कामावर असत, बायका-पोरं धरून. डोक्यावरून माती वाहणाऱ्या बायकाच होत्या. कडे कोसळून, सुरुंग उडून, आणि सगळ्यांत जास्त कॉलऱ्यानं आणि तापानं माणसं गेली. आठ वर्षांत पंचवीस हजारांच्या आसपास गेली असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कॉलऱ्याच्या दिवसांत, १८५९ ला, कामाचा ठेका घेऊन आलेला ट्रेडवेल नावाचा इंग्रज काही आठवड्यांतच मेला. आता काम बंद पडणार असं सगळ्यांना वाटत असताना त्याच्या बायकोनं, ॲलिसनं, तो ठेका स्वतःच्या नावावर घेतला, दोन इंजिनियर नेमले आणि घाट पुरा करून दिला. हे आम्हाला कळलं तेव्हा आमच्यातल्या एकीनं टाळीच वाजवली. दुसरी म्हणाली, ठेकेदारणीचं नाव राहिलं, पाटीवालीचं कुठेय? दोघींचंही खरं आहे. त्या हजारोंना ना गाडी मिळाली, ना एकट्याची जागा. त्यांच्यावरूनच गाडी जाते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो आम्हाला खरोखर विचारला गेला आहे. आजही रेल्वेनं मृतदेह नेता येतो. प्रवासी गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे जिथे पार्सल ठेवतात त्या डब्यातून. नोंदणी पार्सल ऑफिसात होते. त्यासाठी देह नीट बंद पेटीत लागतो, मृत्यूचा दाखला लागतो, संसर्गाचा आजार नव्हता असं डॉक्टरांचं पत्र लागतं, आणि त्याच गाडीचं तिकीट असलेला घरचा माणूस सोबत लागतो. मृत्यू अपघाती असेल तर पोलिसांचे कागद आधी. उतरायच्या स्टेशनवर गाडी किती मिनिटं थांबते हे आधी विचारून घ्या, कारण लहान स्टेशनावर दोन मिनिटांत पेटी उतरवायला चार माणसं तयार हवीत. गावी फोन करून ती बोलवून ठेवा. बहुतेक लोक रुग्णवाहिकाच करतात, ती लवकर पोचते, पण दोन-तीन राज्यं ओलांडायची तर भाडं इतकं होतं की घर वर्षभर कर्जात जातं. ते कर्ज शेवटी फेडते बाई, चार घरची भांडी जास्त करून. म्हणून रेल्वेचा हा रस्ता माहीत असायला हवा. आणि इथेच करायचं ठरलं तर ते करणाऱ्याला 'गावी पण नाही नेलं' असं कुणी ऐकवू नये, निदान आपण तरी नाही.

होळकर पुलावरून खडकीला गेलात तर तिथे एक युद्ध स्मशानभूमी आहे. हिरवळ, एकसारखे पांढरे दगड, सोळाशेच्या वर. दुसऱ्या महायुद्धात मेलेले हे सैनिक मूळचे तिथे पुरलेले नव्हते सगळे. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे जिथे गेले तिथे तिथे पुरलेले, पण त्या कबरींची निगा पुढे कोण राखणार म्हणून युद्धानंतर त्यांना तिथून उचलून खडकीला आणलं. वीस-बावीस वर्षांची पोरं आहेत, दगडांवर वयं कोरलेली आहेत. माळी सकाळी पाणी घालत असतो. कुणीही आत जाऊ शकतं, तिकीट नाही.